गिमिनला पळू दे

मी एक टाइपरायटर. काळा, लोखंडी, आणि उचलायला दोन हात व एक शिवी लागावी इतका जड. माझ्या रुळावरून जितके खून सरकत गेले तितके एखाद्या फाशीखान्याच्या भिंतींनीही पाहिले नसतील. त्यातले बहुतेक खोटे होते. जे खरे होते त्यांच्याबद्दल सांगायला आज तोंड उघडतोय.

माझा जन्म थंड मुलखातल्या एका कारखान्यात झाला. बोटीच्या पोटात बसून मी जावा बेटावर आलो आणि सेमारांगच्या बंदरात उतरलो. एका डच साखर व्यापाऱ्याच्या कचेरीत माझी बसायची सोय झाली. साखरेची पोती, जहाजांची नावं, साहेबाच्या बायकोच्या टोप्यांची मागणी, असलं सगळं मी टंकायचो. ते दिवस गोड होते, पण फार टिकले नाहीत.

जपानी आले, कचेरी त्यांची झाली. मग तेही हरले, आणि हरता हरता शहरात गल्लोगल्ली मारामारी झाली. त्या धुमाळीत एक शिपाई कचेरीत शिरला. माझ्यासमोर बसलेल्या कोवळ्या कारकुनाने मान वर करून ‘काय हवंय’ एवढंच विचारलं. शिपायाने त्याच्या बरगडीत संगीन खुपसली. तो पोरगा माझ्यावरच पालथा पडला आणि त्याच्या छातीखाली माझ्या कितीतरी कळा एकदम दाबल्या गेल्या. अक्षरांचे दांडे एकमेकांत अडकले. रक्त आत झिरपलं आणि वाळलं. पुढे कुणीतरी रॉकेल आणि टाचणी घेऊन मला साफ केलं, तेव्हा तो माणूस वैतागून म्हणाला, “काय चिकट शाई वापरायचे हे लोक!”

त्यानंतर मी कोर्टात लागलो. तिथे माझ्याकडे जबान्या आल्या. मयताच्या मानेवर कोयत्याचा घाव, मयताच्या पोटात तीन बोटं खोल जखम, मयताच्या मुठीत केस. आरोपी सांगायचे, “दारू प्यालो होतो. तो हसला. कोयता हाताशी होता.” झालं, संपलं. खरा खून हा असा असतो, एका वाक्याचा. मारणाऱ्यालाही तो नीट आठवत नाही.

कोर्टात नवी यंत्रं आली तेव्हा मला भंगारात काढलं. तिथून मला मार्तोयोने उचललं.

मार्तोयो लोकनाट्याच्या फडात संवाद लिहायचा. फड बुडाला, राजाची दाढी आणि राक्षसाचे दात लिलावात गेले, तेव्हा त्याने पोटासाठी गोष्टी लिहायला घेतल्या. खाडीच्या कालव्याला लागून त्याची वस्ती. घर दोन खोल्यांचं, वर कौलांखाली पोटमाळा, मागे चूल. भरतीचं पाणी घरात शिरायचं, म्हणून माझं टेबल विटांवर चढवलेलं. बायको वागियेम. मार्तोयो दोन बोटांनी खाडखाड कच्चं लिहायचा आणि वागियेम त्याची स्वच्छ प्रत काढायची. तिची दहाही बोटं चालायची, आणि चालता चालता ती नवऱ्याच्या चुका गुपचूप सुधारायची.

पुस्तकं छापायचा ओम लियोंग. ओम म्हणजे काका. पातळ पुस्तकं, वर भडक चित्र. बाजारातल्या बाकांवर बसून लोक ती भाड्याने वाचायचे, कुणी भजी खात, कुणी लवंगी सिगारेट ओढत. ओम लियोंग पहिल्यांदा घरी आला तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. त्याने मार्तोयोची पानं चाळली आणि माझ्यावर आपटली.

“हे काय लिहिलंयस? पहिल्या पानावर प्रेत, शेवटच्या पानावर कुणी मारलं ते. ही झाली रहस्यकथा. डोकं खाजवायला ठीक आहे. मला थरारकथा पाहिजे.”

“फरक काय दोघींत?” मार्तोयोने विचारलं.

“अरे, विहिरीत कुणी विष टाकलं हे शोधत बसलास तर रहस्य. विहिरीत विष आहे हे वाचकाला ठाऊक आहे, आणि बाई घागर घेऊन निघालीय, हा थरार. पहिल्यात वाचक मागे बघतो, दुसऱ्यात पुढे. मला वाचकाच्या बगलेत घाम पाहिजे.”

वागियेम चहा घेऊन आली होती. ती तिथेच उभी राहिली.

“आणि हेरांच्या गोष्टी?” मार्तोयोने विचारलं.

“त्या वेगळ्या. त्यात सगळ्यांकडे दोन-दोन नावं असतात आणि देश बुडणार असतो. कटकारस्थानाची गोष्ट ही त्यांची चुलत बहीण, तिच्यात बुडवणारा आपलाच मंत्री निघतो. ती जपून लिही, मला छापखाना चालवायचाय. मग कोर्टाची. फाशीची तारीख जवळ येतेय आणि साक्षीदार सापडत नाही. मग भुताटकीची. आणि मनाची.”

“मनाची म्हणजे?” वागियेमने मध्येच विचारलं.

“म्हणजे कुठे काही घडत नाही. बाई घरात आहे, आणि नवरा तिच्याशी फार चांगलं वागायला लागलाय.”

“यात थरार कसला?”

“अगं, अचानक का वागायला लागलाय?”

वागियेम इतकी हसली की चहा बशीत सांडला. मार्तोयो मात्र हसला नाही. तो कागद लावून बसला होता.

“आणि सगळ्यांत जुनी म्हणजे पाठलागाची,” ओम लियोंग निघता निघता म्हणाला. “एक पळतो, एक मागे. बस्स. शेंबड्या पोरालाही कळते, पण लिहायला तिच्याइतकी अवघड दुसरी नाही. पळणारा वाचकाला आपला वाटला नाही, तर पानं उलटायची कुणी?”

अशी आमची दुकानदारी सुरू झाली. प्रत्येक जातीच्या गोष्टीला मार्तोयोने वेगळं टोपणनाव घेतलं. हेरकथांचा लेखक जणू परदेशात राहून आलेला, भुतांच्या गोष्टींचा लेखक कुणी म्हातारा मांत्रिक. लोक बाकांवर भांडायचे, कुठला लेखक भारी म्हणून, आणि सगळे लेखक संध्याकाळी एकाच लुंगीत कालव्याकाठी बसून दात कोरत असायचे. माझ्यावर गळे आवळले गेले, जहाजं उडाली, सावत्र आयांना जिवंत गाडलं गेलं. मला त्याचं काही वाटायचं नाही. कोर्टातल्यापेक्षा इथले मेलेले बरे. कुणीतरी त्यांच्यासाठी श्वास रोखून धरायचं.

शेजारी गिमिन राहायचा. त्याची आई कार्सिह धुरावलेले मासे विकायची. म्बोक म्हणजे आई, आणि ती अख्ख्या वस्तीची म्बोक होती. गिमिन तरुणपणी बस गाड्यांच्या अड्ड्यावर दादागिरी करायचा, सुरा दाखवून लोकांना लुटायचा, दोनदा तुरुंगात जाऊन आला होता. छातीभर वाघाचं तोंड गोंदलेलं. आता आईच्या टोपल्या वाहायचा आणि तिच्या शिव्या खायचा. त्याला वाचता येत नव्हतं. दुपारी तो आमच्या उंबऱ्यावर येऊन बसायचा आणि वागियेम त्याला ताजी पानं वाचून दाखवायची.

असा वाचक मार्तोयोला पुन्हा मिळाला नाही. गिमिन मध्येच ओरडायचा, “अरे मागे बघ, मूर्खा, मागे!” कधी कान झाकून घ्यायचा. आणि गोष्टीत एखादा भुरटा चोर मरायला आला की हमखास विनवायला लागायचा.

“कांग, याला नका ना मारू. याने काय केलंय? कोंबडीच तर चोरली.” मार्तोयोला तो कांग म्हणायचा, म्हणजे दादा.

“थरारकथेत कुणीतरी मरायला लागतं, गिमिन.”

“मग त्या वकिलाला मारा. तो तसाही फार बोलतो.”

एकदा मार्तोयोने खरंच वकिलाला मारलं. ओम लियोंगने तो भाग वाचून शाबासकी दिली आणि गिमिन आठवडाभर वस्तीत सांगत फिरला की पुस्तक आम्ही दोघं मिळून लिहितो.

मग ते वर्ष आलं.

पहिलं पोतं कालव्याच्या पायऱ्यांवर सापडलं. बाजाराला निघालेल्या बायकांना वाटलं कुणाचा तांदूळ पडला. आत माणूस होता. दोन्ही अंगठे पाठीमागे सुतळीने बांधलेले, डोक्यात गोळी, अंगावर उघडं पाडलेलं गोंदण. पुढे रोजच कुठे ना कुठे पोतं दिसू लागलं. पुलाखाली, उसाच्या शेतात, सिनेमाघराच्या दारात. मेलेले सगळे जुने गुंड, खिसेकापू, तुरुंगातून सुटलेले. मारणारे कोण ते कुणी बोलत नव्हतं. केस शिपायांसारखे बारीक कापलेले, जीपला नंबर नाही, एवढंच लोक हलक्या आवाजात सांगायचे.

आणि खरं सांगू? पहिल्या पहिल्यांदा लोक खूश होते. गाड्यांच्या अड्ड्यावर आता पाकीट मारत नाहीत म्हणाले. बाकांवर बसून भजी खाणाऱ्यांनी आमची पुस्तकं बाजूला ठेवली आणि पोत्यांबद्दल बोलायला घेतलं. चहावाल्याने तर पैज लावायला सुरुवात केली, आज कुठे सापडणार म्हणून.

ओम लियोंग घाईघाईने आला. “मार्तोयो, गोष्ट रस्त्यावर पडलीय आणि तू विलायती हेर लिहीत बसलायस? बुरखा घातलेले मारेकरी. नायक तेच. शहरातली घाण साफ करणारे. लवकर दे.”

मार्तोयोने लिहायला घेतलं. अर्धं पुस्तक झरझर झालं. चांगलं होतं ते, मी खोटं कशाला बोलू? माझी घंटा दर ओळीला खणखणत होती. त्या दुपारी वागियेम गिमिनला ते वाचून दाखवत होती आणि आज तो ओरडत नव्हता. 

“आवडलं नाही?” मार्तोयोने विचारलं.

“कांग, तो छातीवर वाघ असलेला आहे ना यात… तो अजून किती पानं जगतो?”

“अरे, तो तू नव्हेस.”

“वाघ माझाच आहे.”

मार्तोयोने खोडून वाघाचा नाग केला. गिमिन उठला, वागियेमला हात जोडले आणि घरी गेला. दुसऱ्या दिवसापासून तो ऐकायला आला नाही.

काही दिवसांनी तो आला तो थेट आमच्या चुलीपाशी. सोबत म्बोक. तिच्या हातात कोळशाची इस्त्री.

“घरी कुणीतरी बघेल,” ती वागियेमला म्हणाली. “तुझ्या चुलीवर कर.”

“काय कर?”

गिमिनने सदरा काढला.

वागियेम मागे सरकली. “वेडा झालायस का रे? मरशील!”

“वाघासकट सापडलो तर नक्की मरेन, यू. यू वागियेम, तू हात धर. आईला जमणार नाही.” यू म्हणजे ताई. तिला तो नेहमी असंच म्हणायचा, पण त्या दिवशी दोनदा म्हणाला.

मी पुढच्या खोलीत होतो. मी पाहिलं नाही, ऐकलं. निखारे फुंकल्याचा आवाज, मग चरचर, आणि मग दातात धरलेल्या फडक्यातून आलेला एक आवाज, जो मी आजवर टंकलेल्या कुठल्याच किंकाळीसारखा नव्हता. घरभर वास पसरला. इस्त्री परत तापवली. परत चरचर. म्बोक सारखी म्हणत होती, “कान राहिला, बाळा. वाघाचा एक कान राहिला.” तिसऱ्यांदा वागियेमनेच इस्त्री हातात घेतली, कारण गिमिनचा हात आता उचलत नव्हता. मग ती मोरीकडे धावली आणि ओकली.

मार्तोयो माझ्यासमोर बसून होता. कागदावर अर्धं वाक्य होतं. ते त्याने पुरं केलं नाही.

गिमिनला पोटमाळ्यावर ठेवलं. ताप चढला होता, छाती चिघळली होती, त्याला हलवता येत नव्हतं. बरा झाला की मालगाडीत बसवून बेटाच्या दुसऱ्या टोकाला पाठवायचं ठरलं. वागियेम वर केळीचं पान आणि भात पोचवायची. मार्तोयो मात्र मुद्दाम कोऱ्या कागदावर काहीबाही बडवत बसायचा, म्हणजे वरचं कण्हणं बाहेर जायला नको. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं लिखाण मी तेच समजतो. त्यात एकही शब्द नव्हता.

कुणीतरी बोट दाखवलं असणार. कोणी ते आजही ठाऊक नाही.

ते भर दुपारी आले. मशिदीतून लोक घरी परतत होते, पोरं कालव्यात डुंबत होती. चौघं जण. अंगात साधे सदरे, पायात चांगले बूट. शेवटी शिरलेल्याने दार लावलंही नाही. बघू दे ज्यांना बघायचंय त्यांना, असा त्याचा थाट.

“गिमिन कुठाय?”

“शेजारी राहतो,” मार्तोयो म्हणाला.

“शेजारी त्याची आई राहते. मी विचारलं गिमिन कुठाय.”

“मला माहीत नाही, साहेब.”

त्यांच्यातला एक जण शांत होता, थोडा पोट सुटलेला. त्याने माझ्यावरचा कागद उपसून वाचला. “अरे, लेखक तू? मी वाचतो तुझी पुस्तकं. ते कोर्टाचं भारी होतं. शेवटी वकील मरतो ते.” तो खरंच खुशीत आला होता. “बस, बापाक. लेखकाशी नीट बोललं पाहिजे.” बापाक म्हणजे बाप, मान देऊन म्हणायचं.

त्याने मार्तोयोला बसवलं. उजवा हात टेबलावर सपाट ठेवायला लावला. मग दुसऱ्याने मला उचललं.

मी आधी सांगितलं ना, मी जड आहे. मला छातीइतकं वर नेलं आणि सोडलं.

मी त्याच्या बोटांवर पडलो. हाडं मोडल्याचा आवाज बारीक असतो, सुक्या काटक्या पेटताना येतो तसा. मार्तोयो किंचाळला. वागियेम पुढे धावली तेव्हा एकाने तिच्या तोंडावर पिस्तुलाची मूठ हाणली. ती भिंतीवर आपटून खाली बसली, हनुवटीवरून रक्त ओघळत होतं.

“गिमिन कुठाय?”

 मार्तोयोला लघवी झाली होती. आयुष्यभर त्याने जे नायक लिहिले ते अशा वेळी काहीतरी झणझणीत बोलायचे. तो रडत रडत म्हणाला, “माहीत नाही. माहीत नाही. माहीत नाही.”

मला परत उचललं. परत सोडलं. माझा एक पाय तुटला आणि त्याचा अंगठा.

तिसऱ्यांदा मी वर होतो तेव्हा पोटमाळ्याची फळी सरकली.

“ठेवा खाली ते,” वरून गिमिन म्हणाला. “आलो.”

तो शिडीने उतरला. एक एक पायरी, कारण छाती वाकत नव्हती. खाली आल्यावर त्याने मार्तोयोच्या हाताकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. पोटवाल्याने त्याच्या छातीवरची पट्टी ओढून काढली. खाली लाल मांस, आणि कडेला वाघाचा एक कान.

“हाच,” तो म्हणाला.

त्यांनी त्याला गुडघ्यांवर पाडलं, अंगठे मागे बांधले, बरगड्यांत लाथा घातल्या. दारात वस्ती जमली होती. म्बोक गर्दीतून घुसली आणि मुलाच्या अंगावर पडली. तिला केसांना धरून बाजूला फेकलं. गिमिन तिला म्हणाला, “आई, मासे उन्हात राहिलेत बघ.” तिने उठावं, लाथ चुकवावी म्हणून. ती उठली नाही.

जीप निघाली. वागियेम तोंडावर हात धरून तिच्यामागे पुलापर्यंत धावली. परत आली तेव्हा तिच्या ओंजळीत तिचेच दोन दात होते.

पोतं तिसऱ्या दिवशी मिळालं. चेहरा ओळखू येत नव्हता. म्बोकने छाती पाहिली आणि म्हणाली, “माझाच आहे, द्या.” तिने स्वतः त्याला धुतलं. मयताच्या नमाजाला पुरुष फार जमले नाहीत, लोक घाबरले होते.

मार्तोयोची बोटं वाकडी का होईना, जुळली. गोष्ट जुळली नाही. वागियेम म्हणाली, “तू नुसतं सांग, मी टंकते.” तो माझ्याकडे बघायचा आणि मान हलवायचा. “मला पुढचं दिसत नाही,” म्हणायचा. थरारकथा लिहिणाऱ्याला पुढचं दिसेना. मग तो उठून उंबऱ्यावर बसायचा, गिमिन बसायचा तिथे.

ओम लियोंग फळं घेऊन आला. ती उंबऱ्याशी ठेवली. मग खाली बघत म्हणाला, “ते अर्धं पुस्तक…”

“चुलीत गेलं,” वागियेम म्हणाली. दात गेल्यापासून तिचे शब्द फुसफुसायचे. “मी दुसरं लिहिते. गिमिनचं. छापाल?”

“बाई, माझ्यासारख्या चिनी आडनावाच्या माणसाने असलं छापलं तर दुकान जाळतील. दुकानात मी पोरांसकट राहतो.” त्याचे डोळे भरले होते. “आणि ही कुठल्या जातीची गोष्ट म्हणायची? मारणारे कोण ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे रहस्य नाही. पुढे काय होणार तेही माहीत आहे, म्हणजे थरार नाही. वाचेल कोण?”

वागियेम उठून चुलीपाशी गेली. तिने त्याला चहा दिला. तो प्यायला आणि गेला. पुढे कित्येक वर्षं तो कोरे कागद मात्र गुपचूप पाठवत राहिला.

माझ्या तुटलेल्या पायाखाली लाकडाचा तुकडा ठोकून वागियेम माझ्यासमोर बसली. पहिल्या पानावर तिने जीप दारात आणली. गिमिन शिडी उतरतोय इथवर आली आणि तिची बोटं थांबली. तेवढ्यात म्बोक दारात आली. माशांची टोपली खाली ठेवली आणि माझ्या आवाजाला कान लावून उभी राहिली.

“माझ्या पोराचं लिहितेयस म्हणे.”

“हो, म्बोक.”

“वाच.”

वागियेमने वाचलं. शिडीपाशी आल्यावर म्हातारीने तिचं मनगट धरलं.

“थांब. खाली उतरवू नकोस त्याला. मागच्या कौलांतून काढ.”

“म्बोक…”

“मला माहीत आहे ग. माझ्या हातांनी धुतलाय मी त्याला. पण हा तुझा कागद आहे ना? इथे त्यांचं काय चालतं? इथे पळू दे त्याला.”

वागियेमने पान फाडलं. नवा कागद लावला. गिमिन कौलं सारून बाहेर पडला, कालव्यात उडी मारली आणि पाण्याखालून पुलापलीकडे निघाला. गोळ्या पाण्यात थुडथुड पडत होत्या. म्बोकने पदराचा बोळा तोंडात धरला होता.

“लागली का?”

“खांद्याला चाटून गेली.”

“बरं. उद्या येते.”

आणि ती रोज दुपारी येऊ लागली. मासे विकून झाले की यायची, पाय धुवायची, बसायची. वागियेम एक पान लिहायची आणि वाचून दाखवायची. गिमिन मालगाडीत कोळशाखाली लपला. जीपवाले पुढच्या स्टेशनावर होते. तो होडीने बालीच्या खाडीपार गेला. बंदरावर पोटवाला उभा. गिमिनने एकाला विळ्याने मारलं, स्वतः दोन बोटं गमावली. ज्वालामुखीच्या उतारावर उंच गवतात रात्र काढली. म्बोक त्याला शिव्या द्यायची, “अरे मागे बघ ना, मूर्खा!” कधी वागियेमला झापायची, “तीन दिवस झाले, त्याला जेवायला कुठे घातलंयस?” मग वागियेम एखाद्या विधवेच्या झोपडीत त्याला भात आणि सुकट वाढायची. विधवा बरी वाटली म्हणून म्बोकने गिमिनला आठ पानं तिच्याकडेच ठेवायला लावलं होतं.

थरार कशाला म्हणतात ते मला त्या दुपारींनी शिकवलं. ज्याचं पुढे काही उरलेलं नाही त्याच्यापुढे रोज एक पान ठेवायचं.

काही वर्षं गेली. म्बोक खाटेला खिळली तेव्हा मार्तोयोने वाकड्या बोटांनी मला उचललं आणि तिच्या खोलीत नेलं. त्या दिवशी गिमिन एका मासेमारीच्या गलबतावर चढला होता. वादळ होतं. जीपवाले मागे किनाऱ्यावर राहिले होते.

“पोचतोय ना?” म्हातारीने विचारलं.

“समुद्रात आहे अजून.”

“चालेल,” ती म्हणाली आणि कूस बदलली. पहाटे ती गेली.

तिला पुरून आल्यावर वागियेमने नवा कागद लावला. मला वाटलं गलबत किनाऱ्याला लागेल. पण तिने वर तारीख घातली. मग दुपारची वेळ, चौघांचे चेहरे, जीपचा रंग, पोटवाल्याच्या मनगटावरचं घड्याळ, कुठे लाथा मारल्या, कुणाच्या केसांना धरलं. एकही विशेषण नाही. मार्तोयो उंबऱ्यावरून उठून तिच्या मागे येऊन उभा राहिला.

“मी मुतलो होतो, तेही लिही,” तो म्हणाला. “सगळं लिही. मी सांगतो.” त्या दिवसाबद्दल तो पहिल्यांदाच बोलत होता.

दोघांनी मिळून ते पुरं केलं. छापलं कुणीच नाही. पण वागियेमने प्रती काढल्या आणि त्या हातोहात गेल्या. मग बायका येऊ लागल्या. उसाच्या शेतात ज्यांची पोती सापडली त्यांच्या बायका, आया, बहिणी. कुणी लांबच्या गावाहून, दोन गाड्या बदलून. समोर बसतात आणि वागियेम विचारते, “काय करू? पळवू, की जसं झालं तसं?” काही जणी पळवायला सांगतात. काही जणी आधी पळवायला सांगतात, आणि पुन्हा येतात.

आता मार्तोयो नाही. वागियेमला चष्म्यावर चष्मा लागतो. माझे दांडे गंजलेत, घंटा मुकी झालीय, आणि मुख्य म्हणजे रिबन मिळत नाही. जुनीच रिबन ती काजळी आणि खोबरेल तेलात भिजवून पुन्हा चढवते. तुमच्या कपाटात, माळ्यावर, कुठल्या बंद कचेरीच्या खणात एखादी रिबन पडून असेल तर पाठवा. बायका अजून येताहेत.

काल एक जण आली. नवऱ्याचं नाव सांगितलं. वागियेमने ते जोर लावून टंकलं, पण कागदावर काहीच उमटलं नाही, अक्षरांचे नुसते खळगे पडले. ती ओशाळली, कागद काढून चुरगळायला निघाली. त्या बाईने तो तिच्या हातातून घेतला, मांडीवर सपाट केला आणि डोळे मिटून त्यावर बोट फिरवलं.

“राहू दे,” ती म्हणाली. “हाताला लागतंय.”